स्लॅबच्या दिवशीची दारू

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. नोकरीची पहिली काही वर्षं मी ‘डॉक्टर’ म्हणणाऱ्या लोकांची चूक दुरुस्त करत असे, मग कंटाळून सोडून दिलं. सरकारी भाषेत माझं पद नेत्रचिकित्सा अधिकारी. वसई तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. नजर तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू पिकला असेल तर शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घालायचं आणि याहून वेगळं काही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढं माझं काम. डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा, गुरुवारी येत. पूर्वेकडच्या पाड्यांवर मला ‘चष्मावाल्या बाई’ म्हणत. ते नाव मला पदापेक्षा आवडायचं.

या कामात करमणूक खूप. एक रिक्षावाला परवान्यासाठी डोळे तपासायला आला आणि तक्त्यावरची अक्षरं धाडधाड म्हणून गेला. मी तक्ता उलटा करून दुसऱ्या बाजूची अक्षरं लावली, तरी तो पहिलीच म्हणत राहिला. बाहेर बसून पाठ केली होती त्याने. एका आजींची मोतीबिंदूची पट्टी काढली, घरी सोडायला मी गाडीत सोबत होते. दारात उतरून भिंतीकडे बघत म्हणाल्या, “रंग कवा दिला?” सून म्हणाली, “चार वर्सं झाली, आई.” आजी रागावल्या, आपल्याला विचारलं नाही म्हणून.

असल्या गोष्टी सांगायला मला आवडतं आणि निवृत्तीनंतर फुलपाड्याच्या आमच्या सोसायटीत मी त्या सांगतही असते. पण या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा ठरवलं, की जी गोष्ट सोसायटीत सांगत नाही ती लिहायची. ती एका आठवड्याची आहे.

मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे गर्दी जास्त, कारण सोमवारी आलेल्यांना “उद्या या” सांगितलेलं असतं. बाहेरच्या बाकांवर साठेक माणसं असतील. बाराच्या सुमारास मनोहर नावाचा माणूस आत आला. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, हाताला सिमेंटने पडलेल्या भेगा. एकटाच आला होता.

“काय होतंय?”

“बाई, सकालपासून सगलं पांडरं पांडरं दिसतं. धुकं पडल्यावानी.”

मी त्याला तक्त्यासमोर बसवलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो. त्या अक्षराच्या काड्या कुठल्या दिशेला आहेत ते हाताच्या बोटांनी दाखवायचं. मनोहरला वरच्या दोन ओळी दिसल्या, तिसऱ्या ओळीला तो अडखळला. काचा बदलून पाहिल्या, फरक पडेना. बॅटरीचा उजेड डोळ्यावर टाकला. निरोगी डोळ्यात उजेड पडला की काळी बाहुली लगेच आक्रसते. त्याची बाहुली मोठी होती आणि उजेडात हळूहळू, आळसावल्यासारखी हलली. हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

“साखर आहे का? बीपी?”

“नाय.”

“दारू घेता?”

“कवातरी. थोडी.”

हा प्रश्न मी रोज वीस जणांना विचारत असे आणि वीसही जण हेच सांगत. “कधी घेतली होती?” हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. पोटात दुखतंय असंही तो म्हणाला होता, पण मी डोळ्यांची बाई. पोटासाठी शेजारच्या खोलीत दाखवा म्हटलं. तिथली रांग बघून तो गेला नसावा.

मी त्याच्या कागदावर लिहिलं, ‘नजर कमी, नेत्रतज्ज्ञांना दाखवणे, गुरुवार’. डोळ्यात घालायला साधे थेंब दिले, चार-चार तासांनी घालायला सांगितले आणि म्हणाले, “मोठे डॉक्टर परवा येतात. गुरुवारी या.”

“येतो,” तो म्हणाला, आणि जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मी पुढच्याचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेनऊला एक बाई आपल्या भावाला हाताला धरून घेऊन आली. संतोष त्याचं नाव, वय तिशीच्या आत. रांग मोडून ती आत शिरली म्हणून बाहेर लोक ओरडत होते. तिने त्याला खुर्चीवर बसवलं. तो समोर बघत होता, पण माझ्याकडे नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता, ट्यूबलाइट चालू होती, खिडकीतून ऊन आत येत होतं.

तो म्हणाला, “बाई, लाईट गेली का?”

मी बॅटरी त्याच्या डोळ्यावर धरली. दोन्ही बाहुल्या टपोऱ्या, काळ्या, आणि अजिबात हलेनात. कपाळावर घाम होता. जिना चढून आल्यासारखा तो श्वास घेत होता. आमची खोली तळमजल्यावर आहे.

“दारू कधी घेतली?” मी आता हा प्रश्न विचारला.

बहिणीने सांगितलं. “सोमवारी स्लॅब होता, बाई. विरारला, एका चालीचा. स्लॅब भरून झाल्यावं ठेकेदारानं सगल्यांना पाजली. हा काल दिसभर निजून व्हता. आमी बोललो, उतरंल.”

“अजून कोण कोण होतं?”

“आमच्या पाड्याचे सात जन. मन्या बी व्हता.”

“मन्या कोण?”

“मनोहर. काल तुमच्याकडंच आलेला ना?”

मी उठले आणि डॉक्टर तनुजांकडे धावत गेले. नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुलगी, सरकारी बंधपत्राचं वर्ष पुरं करायला आमच्याकडे आलेली. रुग्णालयातले जुने लोक तिला फार मोजत नसत, मीही नाही. ती आली, संतोषचा श्वास बघितला, डोळे बघितले, बहिणीला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, “मिथेनॉल आहे हे. मॅडम, बाकीचे सहा जण कुठे आहेत?”

बाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. आपल्याकडे दारू गाळणं नवीन नाही. जुन्या गावांमध्ये, हिंदूंच्या काय आणि ख्रिस्ती लोकांच्या काय, लग्नाकार्याला घरची दारू असायची. काळा गूळ आणि नवसागर सडवायचा, भट्टीवर चढवायचा, वाफ थंड करून धरायची. ती दारू चांगली असं मी म्हणत नाही; तिने यकृत सडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तिला दहा-वीस वर्षं लागतात. एका रात्रीत माणूस आंधळा होतो तो मिथेनॉलने. हे कारखान्यांत वापरायचं स्पिरिट. दिसायला पाण्यासारखं, वास दारूसारखाच, चढतंही तसंच. कुठल्यातरी कंपनीच्या पिंपातून ते बाहेर पडतं आणि कोणीतरी पाणी घालून दारू म्हणून विकतं. प्यायल्यावर माणसाला काही होत नाही. झोपतो, उठतो, कामालाही जातो. त्या वेळात शरीर त्या स्पिरिटचं आम्ल करत असतं, मुंगीच्या डंखात असतं तेच आम्ल, आणि ते डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जाळतं. बारा तास, चोवीस तास, कधी त्याहून जास्त. पांढरं दिसायला लागलं म्हणजे जळणं सुरू झालंय. त्या क्षणी मोठ्या रुग्णालयात पोचला तर माणूस वाचतो, पुष्कळदा डोळेही वाचतात. मनोहर त्या क्षणी माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता.

यावरचं औषध आमच्याकडे नव्हतं. तनुजा मॅडमनी फोनवर मोठ्या रुग्णालयाशी बोलून घेतलं आणि एका माणसाला वाइन शॉपमधून सीलबंद बाटली आणायला पाठवलं. त्याला वाटलं थट्टा चालली आहे. पण चांगली दारू पोटात गेली की शरीर आधी तिच्या मागे लागतं आणि विषाचं आम्ल व्हायचं काम तेवढं थांबतं. नाकातून नळी घालून संतोषला तीच दिली. बहीण भिंतीला टेकून बघत होती. “तिच्यानंच डोले गेले आनि तीच पाजता?” ती म्हणाली. तिला समजावून सांगायला कोणाला वेळ नव्हता.

संतोषला मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि दुसरी रुग्णवाहिका घेऊन मी पाड्यावर निघाले. चांदीपच्या अलीकडे भातशेतांच्या कडेने आत जाणारा रस्ता आहे. पाड्याचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून तिथे राहतात. तिथली आशा कार्यकर्ती वनिता माझ्या ओळखीची, शिबिरांना पेशंट तीच गोळा करायची. तिला वाटेतून फोन केला. ती रस्त्यावर उभी होती. तिला घेऊन थेट मनोहरच्या घरी गेलो.

त्याची बायको सुनंदा अंगणात होती. मला बघून तिने पदर सारखा केला. “बाई, तुमी कशा आल्या? उद्या गुरुवारी आमी येनारच व्हतो.”

मनोहर आत सतरंजीवर पडला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. उशाशी पाण्याचा तांब्या आणि मी दिलेली थेंबांची बाटली, तिच्यावर झाकण घट्ट लावलेलं.

“चार-चार तासांनी घालतेय,” सुनंदा म्हणाली. “रातीच्याला बी उठून घातले. पन त्याला काय दिसतच नाय.”

आवाजाने मनोहरने मान वळवली. “बाई आल्या?”

“हो, मीच आहे. चला, मोठ्या डॉक्टरकडे जायचंय.”

“आज बुधवार ना?” तो म्हणाला.

आम्ही चौघांनी त्याला सतरंजीसकट उचललं. सुनंदा होती त्या लुगड्यात गाडीत चढली. मी चढले नाही, कारण पाड्यावर अजून माणसं होती. रुग्णवाहिका वळणाआड गेली. वनिता विचारत होती, “आता काय करायचं, बाई?”

अडचण अशी होती, की कोणी कबूल होत नव्हतं. आम्ही दोन घरं फिरलो. दोन्ही घरांत बायका म्हणाल्या, आमचा माणूस स्लॅबला गेलाच नाही. आठ दिवसांपूर्वी पाड्यावर दारूची धाड पडली होती आणि दोघांना उचलून नेलं होतं, त्यामुळे दारूचं नाव काढलं की दारं बंद. पोलीस येणार, नाव लागणार, याची भीती मोठी होती. डोळ्यांपुढे पांढरं येतंय याची भीती तिच्यापुढे काहीच नव्हती.

तेव्हा मला माझं सामान आठवलं. घाईत मी शिबिराची पिशवी उचलून आणली होती. त्यात ‘ई’चा तक्ता होता, बॅटरी होती. मी वनिताला म्हटलं, “ओरडून सांग, डोळे तपासायला बाई आल्यात. सिमेंटचं काम करणाऱ्यांचे आधी बघणार, सिमेंटने डोळे खराब होतात म्हणून. स्लॅबवाले आधी, बाकीचे मागून.”

चष्मावाल्या बाईला कोण घाबरणार? समाजमंदिराच्या ओट्यावर मी तक्ता खिळ्याला अडकवला आणि पाच मिनिटांत माणसं जमली. आधी म्हाताऱ्या आणि बायकाच. त्यांना बाजूला बसवताना माझी पुरेवाट झाली. एक आजी माझा हात सोडेना, तिला गेल्या वर्षीचा चष्मा टोचत होता. घड्याळात साडेअकरा वाजले होते. मग तिघं पुरुष आले, तोंडं पाडून. मी त्यांना काही विचारलं नाही. तक्ता दाखवला, बॅटरी मारली. दोघांच्या बाहुल्या मंद हलत होत्या. तिसरा पटापट बोटं दाखवत होता, वर, खाली, डावीकडे, आणि निम्मी चुकीची. त्याला काहीच नीट दिसत नव्हतं, तो अंदाजाने हात हलवत होता. रिक्षावाल्यासारखाच लबाड. पण मला हसू आलं नाही.

मी खाली वाकून हळू आवाजात म्हटलं, “मी पोलिसांची बाई नाही. सोमवारी जे प्यायलात ते विष होतं. संतोषचे डोळे गेले. तुमचे अजून आहेत. आत्ता निघालात तर राहतील.”

तिसरा माणूस रडायला लागला. त्याच्यासोबत मग सगळं बाहेर पडलं. सातातला एक बहिणीकडे नालासोपाऱ्याला गेला होता, त्याला फोन लावून तिथूनच दवाखान्यात जायला सांगितलं. सातवा काशिनाथ, तो घरातून निघत नव्हता. वनिताच्या दिराचा टेम्पो तिघांना घेऊन निघायच्या बेतात होता. त्याला थांबवून आम्ही काशिनाथच्या घरी गेलो. घराला नवा चुना लावलेला. येत्या रविवारी मुलीचा साखरपुडा होता.

“मी घेतलीच नाय,” काशिनाथ दारातूनच म्हणाला. मुलगी मागे उभी होती.

“डोळा बघू द्या फक्त.”

“बघायचं काय? मना सगलं दिसतं.”

मी मुलीकडे बोट दाखवून विचारलं, “तिच्या साडीचा रंग कोणता?”

त्याने मागे वळून बघितलं आणि बघतच राहिला. मुलगी हिरव्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. तिने तोंडावर हात धरला. “बाबा, जा ना,” ती म्हणाली, “जा तू. साखरपुडा मंग करू.” तेव्हा तो निघाला. टेम्पोत चढताना त्याने मला शिवी दिली. ती मला अजून आवडते, कारण ती देणारा जिवंत आहे आणि पेपर वाचतो.

दारू कुठली, हेही त्या तिघांकडून कळलं होतं. पाड्याच्या टोकाला पारूमावशी राहायची. विधवा, साठीची. नवरा गेल्यापासून हातभट्टीवर घर चालवलेलं. मी गेले तेव्हा ती उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. निवडत होती म्हणजे बोटांनी चाचपत होती. खडे सुपातच राहत होते.

“कोन हाय?” तिने विचारलं.

“चष्मावाली बाई.”

“ये, बाय. बस. मना सकालपासून झापड आल्यावानी झालंय.”

“मावशी, ती दारू तुम्ही प्यायलात?”

“चाखली ना. वाटीभर. चाखल्याबिगर मी कवा कोनाला देत नाय.” आवाजात कसला तरी ताठा होता, कारागिराचा असतो तसा. मग ती सावकाश सांगू लागली. धाडीत तिचं रसायन, म्हणजे सडवलेला गूळ, सगळा ओतून दिला होता. पुन्हा सडवायला आठ दिवस लागतात. स्लॅबचा ठेकेदार नेहमीचा, त्याला सोमवारीच हवी होती. मग मोटरसायकलवरून एक माणूस आला, निळा कॅन घेऊन. तयार माल आहे म्हणाला. “मी बोलले, वास येगला हाय. तो बोल्ला, मावशी, फॅक्टरीची हाय, साफ. मी चाखली. जाल नाय लागली. मना वाटलं, बरी हाय.” तिने सूप खाली ठेवलं. “कोन मेला का?”

“अजून नाही,” मी म्हटलं. हे खोटं ठरायला चार तास लागले. मनोहर संध्याकाळी गेला. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तनुजा मॅडमना सांगितलं, काल आणला असता तर डायलिसिसवर घेतला असता आणि बहुतेक वाचला असता. ते मॅडमनी मला सांगायची गरज नव्हती. पण ती तरुण होती, खरं बोलायची सवय होती तिला.

बाकीचे सहा जण वाचले. काशिनाथचे आणि अजून चौघांचे डोळे राहिले, त्यांतल्या एकाला संध्याकाळचं कमी दिसतं. संतोषचे गेले. पारूमावशीलाही त्याच दुपारी रुग्णालयात नेलं होतं; तिला उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही.

मग चौकशी लागली. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये मंगळवारी मनोहरच्या नावापुढे फक्त ‘डोळे’ असं लिहिलं होतं. मी लिहिलेला कागद त्याच्या घरी होता. आमच्या अधीक्षकांनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं. “विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर कशाला?” चांगला माणूस होता तो, माझ्या भल्याचंच बघत होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला बुधवारचं सगळं विचारलं. पाड्यावर डोळे तपासायची युक्ती त्यांना इतकी आवडली, की त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मंगळवारचं कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

पुढे एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, ‘समयसूचकतेमुळे सहा जणांचे प्राण वाचवणाऱ्या’ वगैरे. सहा हा आकडा खरा होता. मी मान खाली घालून शाल घेतली, लोकांना वाटलं विनय आहे. स्थानिक पेपरात फोटो आला. तनुजा मॅडमना कोणी बोलावलं नव्हतं. तोवर त्यांचं बंधपत्राचं वर्ष संपून त्या निघून गेल्या होत्या.

खटल्यात मुख्य आरोपी पारूमावशी. निळ्या कॅनवाला ‘अज्ञात इसम’ राहिला, आणि ज्या पिंपातून ते स्पिरिट निघालं ते पिंप कुठल्या कारखान्याचं हे विचारायला कोणी कुठे गेल्याचं मी ऐकलं नाही. ठेकेदार साक्षीदार झाला. मावशीला एकदा नजरेच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आणलं, सोबत महिला पोलीस. मी तिच्या डोळ्यांपुढे बोटं धरली. किती दिसतात?

“बोटं नाय दिसत, बाय,” ती म्हणाली. “तुज्या बांगड्या ऐकाय येतात.”

मी हात खाली घेतला आणि दाखल्यावर लिहायचं ते लिहिलं. ती विचारत होती, पोरांचं म्हणजे संतोषचं वगैरे कसं आहे. मी म्हटलं, बरं आहे.

ठेकेदारही आला एकदा, जवळचं वाचायला त्रास होतो म्हणून. नाव वाचून मी ओळखलं. खुर्चीत ऐसपैस बसला. मी न विचारताच बोलू लागला, “त्या दिवशी मीपण होतो ना त्यांच्यात बसलेलो. पण मी आपली बाटलीची घेतो, मॅडम. ती असली मला चालतच नाही.” मी काचा बदलत होते. आता बरं दिसतंय का, की आधीचं? त्याचा नंबर मी बरोबर काढला. चुकीचा काढावासा वाटला, हे इथे लिहून ठेवते.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना सुनंदा आली. ती आता फुलपाड्याच्या बाजूला दोन-तीन सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करते, त्यातली एक आमच्या शेजारची. एवढी वर्षं मी तिला टाळत होते. ती येताना दिसली की मी रस्ता बदलायचे. खोलीत ती आली तेव्हा बाहेर गर्दी नव्हती.

“सुईत दोरा जात नाय, बाई,” ती म्हणाली.

मी तिला बसवलं. दूरची नजर उत्तम होती, तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत तिने बोटं दाखवली. जवळचा चष्मा लागणार होता, वयाप्रमाणे. काचा घालण्याची ती जड चौकट मी तिच्या नाकावर ठेवली, आणि तिचे डोळे काचांआड गेले तेव्हा मला बोलायचा धीर झाला.

“सुनंदाताई, त्या मंगळवारी मी चुकले. त्यांना तेव्हाच पाठवायला हवं होतं. मला दिसलं होतं त्यांच्या डोळ्यात. मी गुरुवारी या म्हणाले. ते वाचले असते.”

चौकट नाकावर तशीच होती.

“मना म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तिकडचे डॉक्टर बोल्ले व्हते, काल का नाय आनला. मी बोलले, काल नेलेला.”

“मग तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत? कागद होता तुमच्याकडे.”

“कोनाला सांगू?” तिने नाकावर सरकलेली चौकट बोटाने वर केली. मग म्हणाली, “त्या दिशी तो घरी येऊन काय बोल्ला, सांगू? बोल्ला, बाईंनी लय नीट बघितलं. बॅटरी लावून. औशद दिलं. आता दोन दिसात डोले साफ व्हतील. खूश व्हता, बाई. भाकर खाल्ली त्यानं.”

तिने चौकटीतून समोर धरलेल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, “हा बरा हाय. ह्यात दिसतं.”

मी नंबर लिहून तिच्या हातात दिला. चष्म्यासाठी कुठे जायचं ते सांगितलं. ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढच्या कामाला उशीर होतो म्हणून भराभर चालत गेली.